छायाचित्राची किंमत कोणी ठरवावी?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर विद्वानांची व्याख्याने ऐकली आहेत. त्या पंक्तीत यंदा एका फोटोवाल्याला पाट मांडून बसवण्याचे धाडस चालकांनी केले आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मानावयाचे की त्यांची कीव करावयाची, हे आपण तासाभराने ठरवा.

इंटरनेटवर छायाचित्रे विकणाऱ्यांना किंमत ठरवताना कोणत्या अडचणी येतात, हा माझा आजचा विषय. आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की या धंदेवाईक कटकटीशी आपल्याला काय कर्तव्य? पण घरातील कॅलेंडर, बिस्किटाचा पुडा, शाळेचे पुस्तक, बँकेची जाहिरात यांपैकी काहीही हातात घ्या. त्यावर एखादे छायाचित्र असते. ते कोणीतरी काढलेले असते आणि त्याचे कोणाला तरी काहीतरी मिळालेले असते, किंवा मिळालेले नसते. ज्याने काम केले त्याला आपल्या कामाची किंमत सांगता येऊ नये, ही तक्रार आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. आज ती मी छायाचित्रकाराच्या तोंडून सांगणार आहे, एवढेच.

प्रथम माझी स्वतःची एक हकीकत सांगतो. मी तीस वर्षे या धंद्यात आहे. लग्ने, मुंजी, शाळांचे समूहफोटो यांवर पोट चालते. उरलेल्या वेळात आवडीची छायाचित्रे काढतो. २०११ साली गावाकडे माझी आत्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. खिडकीतून तिरपा उजेड येत होता, परातीत पीठ होते आणि तिचे ते सुरकुतलेले, पीठ लागलेले हात. चेहरा नाही, नुसते हात. चित्र चांगले साधले. ते मी एका परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर विक्रीला ठेवले. वर्ष-दीड वर्षाने वाण्याकडून ज्वारीच्या पिठाची पिशवी आली, तर तिच्यावर आत्याचे हात! बायको म्हणाली, “अहो, चित्र आपलं, हात आपल्या आत्याबाईंचे, आणि पीठ मात्र पैसे मोजून आणायचं?” मी हिशेब उघडून पाहिला. त्या एका विक्रीचे मला तेहेतीस सेंट मिळाले होते; त्या वेळच्या भावाने सोळा रुपयांच्या आसपास. पुढे गावी गेलो तेव्हा पिशवी आत्याला दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि सहज विचारले, “अरे, माझ्या हातांचं किती आलं?”

मला उत्तर देता आले नाही. कोणी मला लुबाडले असते, तर गोष्ट सोपी होती. पण पीठवाल्याने ते चित्र रीतसर विकत घेतले होते आणि कंपनीने ठरलेला वाटा मला दिला होता. तिच्या अटी मी स्वतः मान्य केल्या होत्या. चोरी कोठेच नव्हती. फक्त, या सगळ्या व्यवहारात किंमत ठरवताना मला कोणी विचारले नव्हते, आणि ‘हे कशासाठी हवे?’ असे मीही कोणाला विचारू शकलो नव्हतो. हे कसे झाले, त्याचा शोध मी तेव्हापासून घेत आहे.

मित्रहो, छायाचित्रे साठवून ठेवून मागणी येईल तशी विकावयाची, हा व्यवसाय शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला इंग्रजीत स्टॉक फोटोग्राफी म्हणतात; आपण साठ्यातील छायाचित्रे म्हणू. ऑटो बेटमन नावाचे एक ज्यू ग्रंथपाल नाझी राजवटीला कंटाळून १९३५ साली जर्मनीतून अमेरिकेस गेले. त्यांच्या सामानात चित्रांनी आणि निगेटिव्हांनी भरलेल्या ट्रंका होत्या. त्या भांडवलावर त्यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘बेटमन आर्काइव्ह’ हा संग्रह सुरू केला. पुढे तो लक्षावधी चित्रांचा झाला आणि १९९५ साली बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने विकत घेतला.

या जुन्या व्यवसायाचे एक तत्त्व होते. छायाचित्र विकावयाचे नाही, त्याचा वापर भाड्याने द्यावयाचा. मंगल कार्यालयाचे उदाहरण घ्या. जागा तीच, पण लग्नाचे भाडे वेगळे, साखरपुड्याचे वेगळे. वैशाखातील मुहूर्ताचे वेगळे आणि भाद्रपदातील वेगळे. छायाचित्राचेही तसेच. शाळेच्या पुस्तकात लहान आकारात छापावयाचे असेल तर थोडे पैसे. देशभर जाहिरात करावयाची असेल तर पुष्कळ. किती प्रती, किती काळ, कोणत्या देशात, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून भाव सांगावयाचा नाही. आणि छायाचित्र ज्याने काढले, हक्क त्याचाच राहावयाचा. १९४७ साली रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर, डेव्हिड सीमूर या छायाचित्रकारांनी ‘मॅग्नम’ संस्था काढली, ती याच हक्कासाठी.

या पद्धतीत काय होऊ शकत होते, त्याचे आपणा सर्वांनी पाहिलेले एक उदाहरण देतो. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली, तेव्हा संगणक सुरू केला की एक हिरवीगार टेकडी आणि निळे आकाश दिसावयाचे. ते चित्र संगणकावर रंगवलेले असावे, असे पुष्कळांना वाटे. ते खरे छायाचित्र आहे. चार्ल्स ओ’रिअर यांनी ते जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याकडेला मोटार थांबवून काढले आणि साठ्याच्या व्यवसायात दिले. चार वर्षांनी मायक्रोसॉफ्टने ते निवडले. किती पैसे मिळाले हे करारामुळे ओ’रिअर सांगत नाहीत. पण मूळ फिल्म पाठवण्याची वेळ आली तेव्हा तिच्या विम्याची रक्कम ऐकून कुरिअरवाले ती न्यावयास तयार होईनात. शेवटी कंपनीने विमानाचे तिकीट पाठवले आणि ओ’रिअर ती स्वतः घेऊन गेले! टेकडीवर गवत होते, सोने नव्हते. तिचे मोल झाले ते ती कोठे आणि कशासाठी लागणार होती, त्यावरून.

आता हे तत्त्व कसे मोडले ते पाहा. १९९१ साली सिअॅटलमध्ये फोटोडिस्क नावाची कंपनी निघाली. तिने छायाचित्रे सीडीवर भरून विकण्यास प्रारंभ केला. एकदा पैसे द्या आणि हवी तितक्या वेळा, हव्या त्या कामाला वापरा. या पद्धतीला ‘रॉयल्टी-फ्री’ असे नाव पडले. नाव फसवे आहे. चित्र फुकट नसते. पण वापरागणिक भाडे देण्याची अट गेली आणि ‘कशासाठी हवे?’ हा प्रश्न प्रथमच अनावश्यक ठरला.

त्यानंतर २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले. आरंभी ती चित्रांची निव्वळ देवाणघेवाण होती. पुढे खर्च भागवण्यासाठी एका चित्रामागे २५ सेंट घेऊ लागले. डिजिटल कॅमेरे स्वस्त होत होते, फिल्मचा खर्च उरला नव्हता आणि जगभरच्या हौशी माणसांच्या संगणकांत चित्रे नुसती पडून होती. डॉक्टर, शिक्षक, कारकून अशा मंडळींना एका चित्राचे चार पैसे मिळाले तरी तो आनंदच होता. घरचे भाडे त्यावर द्यावयाचे नव्हते. पण ज्याला द्यावयाचे होते, त्याचे काय झाले?

जेफ हाउ या अमेरिकन पत्रकाराने २००६ साली ‘वायर्ड’ मासिकात याची एक हकीकत दिली आहे. वॉशिंग्टनमधील आरोग्यविषयक संग्रहालयाच्या एका प्रकल्पाला आजारी माणसांची छायाचित्रे हवी होती. त्या विषयात मुरलेल्या एका व्यावसायिक छायाचित्रकाराने, संस्था सार्वजनिक हिताची म्हणून, निम्म्या दराने दर चित्राला शंभर ते दीडशे डॉलर सांगितले. सौदा जुळत आला होता. इतक्यात संस्थेच्या बाईंना आयस्टॉकफोटोचा शोध लागला. तेथे त्यांनी छप्पन चित्रे सुमारे एकेका डॉलरला घेतली. मला सांगा, त्या बाईंचे चुकले का? संस्थेचा पैसा वाचवणे हे त्यांचे कर्तव्यच होते. छायाचित्रकारानेही भाव वाढवून सांगितला नव्हता. दोघेही बरोबर, आणि तरी एकाचा धंदा बुडाला. त्याच वर्षी गेटी इमेजेस या त्या व्यवसायातील बलाढ्य कंपनीने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना विकत घेतले. पुढे २०१९ च्या अखेरीस गेटीने जाहीर केले, की जाहिरात वगैरे कामांची जी निर्मितीपर चित्रे असतात, त्यांच्यापुरती वापरागणिक भाड्याची जुनी पद्धत आपण बंद करीत आहोत.

तिसरी पायरी मासिक वर्गणीची. २००३ साली जॉन ओरिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये, स्वतः काढलेली हजारो छायाचित्रे मांडून, शटरस्टॉक सुरू केले. महिन्याची वर्गणी भरा आणि रोज ठरलेल्या संख्येपर्यंत चित्रे उचला. समजा, एका ग्राहकाने महिन्याला दोनशे डॉलर भरले आणि रोज पंचवीस चित्रे उचलली. महिन्याची साडेसातशे झाली. एकेक चित्र सत्तावीस सेंटांना पडले. खाणावळीच्या मालकाचे गणित आपणास ठाऊक आहे. पोटभर जेवणाराच्या मागे त्याला तोटा होतो, पण अर्धपोटी उठणारे आणि खाडा करणारे तो भरून काढतात. मालकाचे गणित बसते. पण भाकरी थापणारीला भाकरीमागे पैसे मिळत असतील, तर एका भाकरीचा भाव काय होईल? येथे चित्राची किंमत ना चित्रावर ठरते, ना वापरावर. ती ग्राहकाच्या भुकेवर ठरते.

जून २०२० पासून शटरस्टॉकने छायाचित्रकाराच्या वाट्याची नवी पद्धत लावली. वर्षभरात चित्रे किती वेळा उचलली गेली त्यावरून पंधरा ते चाळीस टक्क्यांपर्यंत पायऱ्या, आणि दर १ जानेवारीस सर्वांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. एका विक्रीचा किमान वाटा १० सेंट! अनेकांनी निषेध म्हणून आपली चित्रे विक्रीतून काढून घेतली. पण कोट्यवधी चित्रांच्या साठ्यातून काही हजार गेली, तर समुद्रातून घागर काढल्यासारखे होते.

याच्याही पुढे दोन गोष्टी घडल्या. २०१३ साली माँट्रियल येथे अनस्प्लॅश नावाचे संकेतस्थळ निघाले. तेथे उत्तम छायाचित्रे अगदी फुकट मिळू लागली. २०२१ साली तेही गेटीनेच घेतले. आणि २०२२ पासून, शब्दांत वर्णन केले की चित्र तयार करून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ही यंत्रे शिकली कशावर? माणसांनी काढलेल्या चित्रांवर. अडोबीने २०२३ साली आणलेले यंत्र तिच्या साठ्यातील चित्रांवर शिकवलेले होते. त्याबद्दल तिने छायाचित्रकारांना काही रक्कमही दिली. मात्र ती किती असावी, हे तिनेच ठरवले. आपली चित्रे परवानगीवाचून वापरली, म्हणून गेटीने २०२३ साली स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर लंडनमध्ये दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला, तेव्हा कॉपीराइटचा मुख्य मुद्दा गेटीच्या बाजूने झाला नाही. छायाचित्रकाराला भाव ठरवू न देणाऱ्या या व्यवसायाला स्वतःच्या साठ्याचा भाव ठरवण्यासाठी न्यायालयात जावे लागले, यात काळाचा एक विनोद आहे.

या सर्वाचा दोष यंत्राला किंवा कंपन्यांना देऊन मोकळे होणे न्याय्य होणार नाही. जुन्या पद्धतीत न्यूयॉर्क-लंडनच्या दलालांच्या दारात माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या फोटोवाल्याला उभे राहता आले नसते. इंटरनेटने ते दार उघडले. लहान मासिकाला, गरीब शाळेला, नव्या दुकानदाराला चांगले चित्र परवडू लागले, हेही हितच झाले. प्रश्न स्वस्ताईचा नाही. प्रश्न हा, की शाळेला आणि पीठाच्या कारखान्याला एकच भाव का? दोघांच्या वापरातील फरक पाहून भाव सांगण्याचा अधिकार छायाचित्रकाराच्या हातून निसटला, हे माझे आजचे मुख्य म्हणणे आहे.

मग करावयाचे काय? तरुण छायाचित्रकार मला हे विचारतात, तेव्हा मी त्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपला खर्च मांडा. कॅमेरा, प्रवास, दिवस, निवडीतून फेकलेली चित्रे, चित्राला नाव-गाव-शोधशब्द देण्यात गेलेले तास, हे सारे मांडून तळाचा भाव काढा आणि त्याखाली नम्रपणे नाही म्हणा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला किंमत नसते.

दुसरी, सगळे चित्रधन एकाच हौदात टाकू नका. गुलाबाचे फूल, हस्तांदोलन, संगणकापुढची हसरी मुलगी अशी चित्रे हजारोंनी आहेत आणि यंत्रही ती काढते. ती वर्गणीच्या बाजारात गेली तर हानी नाही. पण आपल्या गावची जत्रा, आता मोडत चाललेला हातमाग, एखाद्या धरणाखाली जाण्यापूर्वीचे गाव ही चित्रे स्वतःपाशी ठेवा. त्यांच्याखाली स्थळ, दिनांक आणि हकीकत लिहा. यंत्र चित्र काढील; पण ‘मी तेथे होतो’ अशी साक्ष ते देऊ शकणार नाही. पुढील काळात भाव येईल तो या साक्षीला.

तिसरी, भाव सांगण्यापूर्वी विचारा: कशासाठी, किती प्रती, किती काळ, कोणत्या प्रदेशात, आणि एकट्यालाच की इतरांनाही? उत्तरे लेखी घ्या. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा येथे उपयोगी पडतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर तो लेखी, सहीनिशी करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे चालतो. आमच्या धंद्यातील मंडळींना न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा आपल्या लग्नाचे फोटो आपले आहेत, निश्चिंत असा!

चौथी गोष्ट एकट्याने होणारी नाही. ज्या लिव्हिंगस्टोन यांनी एका डॉलरच्या बाजाराचा पाया घातला, तेच २०१३ साली स्टॉक्सी ही संस्था स्थापण्यात पुढे होते. ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था आहे; चित्रे देणारेच तिचे मालक, आणि साध्या विक्रीत निम्मा वाटा छायाचित्रकाराचा. तिचा व्याप थोरल्या कंपन्यांच्या मानाने लहानच आहे. पण सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्राला कॅनडाकडून शिकण्याची गरज नाही. उसाचा भाव आपण ठरवावा म्हणून ज्या भूमीत शेतकऱ्यांनी कारखाने काढले, तेथे चार जिल्ह्यांतील छायाचित्रकारांना आपला साठा एकत्र करून आपला दर आपण जाहीर करणे अशक्य का वाटावे?

शेवटी आपणा श्रोत्यांकडे वळतो. स्मरणिका, पत्रिका, मंडळाचा फलक यांसाठी इंटरनेटवरून चित्र उचलणारे आपणच असतो. कोणी हरकत घेतली तर म्हणतो, “नाव छापतो की तुमचं!” नाव छापावेच, तो छायाचित्रकाराचा हक्क आहे, मोबदला नव्हे. आचाऱ्याला ‘तुमचं नाव सांगतो’ म्हणून आपण कार्याचा स्वयंपाक करून घेत नाही. पैसे नसतील तर तसे सांगून मागा. चांगल्या कामाला फुकट देणारे पुष्कळ आहेत, मीही देतो. पण मागून घेतलेले आणि उचलून नेलेले यांत फरक आहे. मागण्याने देणाऱ्याकडे ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शब्द राहतात.

आत्याचा प्रश्न मी विसरलेलो नाही. गेल्या वर्षी एका लहान प्रकाशकाला स्वयंपाकाच्या पुस्तकासाठी तिच्याच हातांचे दुसरे एक चित्र हवे होते. हे चित्र मी कोठेच विक्रीला ठेवलेले नव्हते. मी वरचे पाच प्रश्न विचारले, त्याने उत्तरे दिली, मी भाव सांगितला. त्याने थोडी घासाघीस केली. मी थोडा उतरलो. रक्कम मोठी नव्हती. तिचा निम्मा भाग आत्याच्या हातावर ठेवला. तिने नोटा मोजल्या आणि म्हणाली, “एवढे कशाला रे? दोन भाकऱ्या तर थापल्या.” मी म्हटले, “आत्या, हा भाव मी सांगितला होता.” तिला त्यात विशेष काही वाटले नाही. बाजारात ती कोथिंबिरीच्या जुडीचा भाव स्वतःच सांगत आली आहे.

तेवढेच आम्हालाही सांगता यावे, एवढी माझी मागणी आहे.